रॉचेस्टरला निघण्याआधी

तू विचारलंस, "दादा, वागळे इस्टेटमधलं बाबांचं वर्कशॉप सोडून फर्निचरच्या एमएफएसाठी, म्हणजे कलेतल्या मास्टर्ससाठी, अमेरिकेत रॉचेस्टरला येऊ का?" ये. पण यंदा नको, आधी स्वतःच्या कल्पनेतल्या वस्तू कर.

तू पाठवलेल्या फोटोंत घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधली वॉर्डरोब आहेत. फिनिश झकास, पण आकार इंटिरियरवाल्याने ठरवलेला. त्यात तू कुठे आहेस? फर्निचर कलाकार वेंडेल कॅसल १९६२ मध्ये इथे रॉचेस्टरलाच शिकवायला आले. औद्योगिक डिझाइन आणि शिल्पकला, दोन्ही शिकलेला माणूस. फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि तो मूर्तीसारखा कोरून त्यातून खुर्ची काढायची, ही त्यांची रीत. चिकटवणं तुला येतंच, आपला जन्म फेविकॉलमध्ये गेलाय. आता कोरायला बस. वखारीतून सागाचे तुकडे आण आणि कुणीही ऑर्डर न दिलेल्या चार वस्तू कर.

लाकडाचं इथलं वागणं मला महागात पडलं. ठाण्यात केलेला सागाचा चौरंग मी सामानात आणला होता. वरची फळी चारी बाजूंनी स्क्रूने गच्च आवळलेली. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी सुकते की लाकडातली ओल ६ ते ८ टक्क्यांवर येते. फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. तिला सरकायला जागाच नव्हती. जानेवारीत एका रात्री कट्टकन आवाज आला आणि वीतभर तडा गेला. तेव्हापासून मी स्क्रूची भोकं लांबट पाडतो.

पैशाचं सांगतो. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेर कुणाचं कपाट करून पैसे घेतलेस तर व्हिसा गोत्यात. पदवीनंतर कामाला १२ महिने. इंजिनिअरांना वर २४ मिळतात, ते आपल्या पदवीत धरू नकोस. पुढे ओ-१, म्हणजे असामान्य कर्तृत्वाचा व्हिसा, मागायचा तर प्रदर्शनं आणि छापून आलेले लेख दाखवावे लागतात, म्हणून ठाण्यातल्या छोट्या प्रदर्शनाचं कात्रणसुद्धा जपून ठेव. गॅलरीत वस्तू विकली तर साधारण निम्मे पैसे गॅलरीचे.

रंधा आणि पटाश्या चेक-इन बॅगेत टाक. मशीन आणू नकोस, इथे १२० व्होल्ट. लाकूड बोर्ड फुटांवर (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड) मिळतं; आपलं एक घनफूट म्हणजे १२ बोर्ड फूट.

आणि नव्या वस्तूंचे फोटो पांढऱ्या चादरीसमोर काढ. मागे सनमायकाचा ढीग दिसू देऊ नकोस.