मॅडम, डोकंच चालत नाही

"धंदा मंद आहे, ते समजतं. पण मला नवीन काही सुचतच नाही. माझ्यात ती धमकच नसावी." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे छोटे कारखानदार, वर्कशॉपवाले, दुकानदार यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात झाली की पुढचं मला पाठ असतं. म्हणून सोलापूरच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आजोबांपासूनचा जॅकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, चादरींचा कारखाना. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण पानिपतची हलकी, मऊ ब्लँकेटं स्वस्तात मिळतात आणि सोलापूरच्या नावावर भलत्याच चादरीही खपतात. त्यात एका व्यापाऱ्याकडे पेमेंट अडकलेलं. हे रात्री दोनला उठून मोबाइलवर आकडेमोड करायचे आणि दिवसा कुणी काही सुचवलं की खेकसायचे.

"शेजारच्याने टॉवेल काढले, एक्स्पोर्टला गेला. मी आहे तिथेच."

"तुमच्यात काय कमी आहे?"

"धाडस."

हे मी कुणाचंच मान्य करत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पीक हाती येण्याआधी, पैशांची ओढाताण असताना, तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले. पैसे आल्यावर सुधारले. माणूस तोच, अक्कल तीच. चणचणीनं डोकं व्यापलं की कल्पनेला जागा उरत नाही. त्यामुळे 'वेगळा विचार करा' असं सांगणारी भाषणं अशा माणसाला निव्वळ टोचतात.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. प्रसंगाइतकंच, किंबहुना जास्त, त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे घोकतो ते छळतं. यांचं घोकणं बाहेर यायला वेळ लागला: "माझा एक प्रयोग फसला तर आजोबांनी कमावलेलं गेलं." म्हणजे एका लॉटमागे तीन पिढ्यांची अब्रू पणाला! मग नवं काही करायला हात धजेल कसा?

मी विचारलं, "किती बुडालं तर चालेल?"

ते गप्प झाले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. सरस सरस्वती या अभ्यासक मुरलेल्या उद्योजकांबद्दल हेच सांगतात: नफ्याचा अंदाज बांधत बसण्याआधी ते किती गमावणं परवडेल हे ठरवतात. मी मात्र हा प्रश्न धंद्यासाठी कमी आणि भीतीसाठी जास्त विचारते. भीतीला आकडा मिळाला की तिचा जोर ओसरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

"उत्तर घरून आणा," म्हटलं. पुढच्या वेळी पत्नीही आल्या. अडकलेल्या पेमेंटबद्दल त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना सगळं ठाऊक होतं.

"दोन माग दिवाळीपासून उभेच आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर बुडायचं काय?"

"सूत लागेल, मजुरी लागेल."

"पंचवीस हजार धरा. माझ्या भिशीतले."

ते हसायलाच लागले. "मॅडम, मी रोज त्या मागांना वळसा घालून जातो!"

मी त्या तासात आणखी काही बोलले नाही. गरजच नव्हती. सगळं पणाला लागलंय असं मानणाऱ्या माणसाला कळलं होतं की पणाला लागलेत फक्त पंचवीस हजार, आणि तेही एकट्याचे नाहीत. टिकून राहण्याची ताकद मला बहुतेक वेळा इथेच सापडते, खरा हिशेब माहीत असलेल्या घरात. नवीन सुचतं ते त्यानंतर.

लहान मुलांच्या चादरींचा पहिला लॉट फसला. सूत जाड होतं, बायका हातात घेऊन परत ठेवायच्या. दुसरा बारीक सुताचा काढला, तो हळूहळू जातोय. चमत्कार काही झाला नाही.

तुमचीही अशीच घुसमट असेल तर आधी घरात आकडे उघडे करा. थकलेलं पेमेंट मागायला लाजू नका: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा सांगतो, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर धंद्याचा सल्ला नंतर. आधी डॉक्टर गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

त्यांचा एक माग अजून उभाच आहे. त्यावर काय लावायचं यावरून नवरा-बायकोत सध्या जोरदार भांडण चालू आहे, आणि मी ते मिटवायला नकार दिलाय.