‘चहा’ म्हणजे दर वेळी चहाच नसतो

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. सात वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला. उजवा हात अजून नीट चालत नाही. ‘चहा’, ‘नको’, ‘आई’ एवढेच शब्द येतात. काहीही विचारलं की ‘हो’ म्हणतो आणि मग ताट ढकलून देतो. ‘आता पुढे काही सुधारणा नाही’ असं आम्हाला सांगितलंय. खरंच काही करता येणार नाही का? – एक बहीण, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तो पूर्वीसारखा घडाघडा बोलू लागेल, असं मी म्हणणार नाही. पण ‘आता पुढे काही नाही’ हे मला अजिबात मान्य नाही. बोलणं दोघांचं असतं, आणि त्यातले दुसरे तुम्ही आहात. सिडनीच्या संशोधक लीन टॉगर यांच्या गटाचा 2013 चा अभ्यास हेच सांगतो: जखमी माणसाबरोबर घरच्यांनाही शिकवलं, तेव्हा त्यांच्या रोजच्या गप्पा जास्त सुधारल्या.

माझ्याकडे असाच एक मुलगा यायचा. कशालाही ‘चहा’ म्हणायचा, आई बिचारी कपावर कप करायची. एकदा मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: घर, पैसे, दुखतंय, माणूस. त्याने डाव्या हाताचं बोट ‘पैसे’वर ठेवलं. त्याखाली मी औषध, लग्न, टेंपो असं लिहिलं. बोट टेंपोवर. कर्जावर घेतलेल्या टेंपोचे हप्ते फिटले का, हे त्याला विचारायचं होतं! वडील उठून त्याच्या शेजारी बसले आणि राहिलेले हप्ते बोटांवर मोजून दाखवले. त्या दिवशी त्याने चहा मागितला नाही.

तेव्हा आजच शंभर पानी वही आणि जाड स्केचपेन घ्या. घरची माणसं, बाग, मित्र, एसटी स्टँड यांचे फोटो चिकटवा. कोणते, ते त्यालाच निवडू द्या. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच प्रश्न, आणि मग मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांबतात. मध्येच कुणी त्याचं वाक्य पुरं करायला लागलं, तर हाताने थांबवा.

त्याच्या ‘हो’वर लगेच विसंबू नका. मेंदूला इजा झाल्याने बोलण्या-समजण्याची भाषाच अडते, त्याला वाचाघात म्हणतात. त्यात मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ जाणं नेहमीचं आहे. भाकरी आणि भात दोन्ही समोर धरा, बोट दाखवू द्या, आणि ‘म्हणजे तुला भात हवाय’ असं म्हणून खात्री करा. ताट ढकलण्यामागे मला तरी हीच चूक दिसते. पाहुण्यांनी ‘हा जेवला का?’ असं तुम्हाला विचारलं, तर वही त्याच्याकडे सरकवा.

दोन कामं राहू देऊ नका. स्पीच थेरपिस्टला पुन्हा दाखवा, आणि जाताना ही वही न्या. दुसरं, वाचाघातामुळे कायम राहिलेली वाचा-भाषेची अडचण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसते. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा. तिथे डॉक्टर तुमच्याशी बोलू लागले, तर त्यांनाही सांगा: आधी त्याला विचारा, आणि जरा थांबा.