व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही. विंडोज, मॅक, उबंटूवर नेमकं काय तपासू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर वाघोलीत, ऑफिस शिवाजीनगरला. ऑफिसने ओपनव्हीपीएन या व्हीपीएन ॲपची सेटिंगची (ओव्हीपीएन) फाइल दिली आहे. विंडोज लॅपटॉपवर आयकॉन हिरवा होतो, पण 192.168.1.20 वरचा शेअर्ड फोल्डर उघडत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की तोच फोल्डर लगेच उघडतो. इंटरनेटवाला म्हणतो, आमच्याकडून काहीच ब्लॉक नाही. घरात एक मॅक आणि एक उबंटूचा लॅपटॉपही आहे, त्यांवरही हेच बसवायचंय.

इंटरनेटवाला खरं बोलतोय. त्याने पोर्ट (व्हीपीएनची ये-जा होते तो नंबरचा दरवाजा) अडवला असता तर आयकॉन पिवळ्यावरच अडकला असता आणि मिनिटभराने लॉगमध्ये ‘टीएलएस की निगोशिएशन फेल्ड’ अशी ओळ आली असती. तुमचं टनेल, म्हणजे ऑफिसपर्यंतचा व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग, तयार होतंय. घोळ पत्त्याचा आहे.

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा (कमांड आणि फाइलमधल्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा). वाय-फायच्या भागात ‘डीफॉल्ट गेटवे’समोर 192.168.1.1 दिसेल, पैज लावायला हरकत नाही. म्हणजे घरचं नेटवर्क 192.168.1.0 आणि ऑफिसचंही तेच. तुमच्या सोसायटीत बी-203 आहे आणि शिवाजीनगरच्या सोसायटीतही बी-203 आहे. वॉचमनला नुसतं ‘बी-203’ सांगितलं तर तो पार्सल आपल्याच जिन्याने वर पाठवणार. लॅपटॉपही 192.168.1.20 ला तसंच घरच्या वाय-फायवर हाका मारत बसतो. तिथे त्या नंबरचं कुणी नसतं, आणि टनेल शेजारी रिकामं पडून राहतं. दोन्ही मार्ग सारखेच असले की कोणता निवडायचा हे विंडोज ‘मेट्रिक’ नावाच्या आकड्यावरून ठरवतं. त्यामुळे हीच फाइल, हेच वाय-फाय, तरी एका लॅपटॉपवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, असंही होतं. हॉटस्पॉटचा पत्ता वेगळा असतो (आयफोनचा 172.20.10 ने सुरू होतो), म्हणून तिथे टक्कर होत नाही.

खरा उपाय घरच्या राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा, लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये राउटरचा पत्ता 192.168.87.1 करा. 87 च्या जागी कोणताही आडवळणाचा आकडा चालेल, फक्त 0 आणि 1 नको, कारण बहुतेक राउटर तेच घेऊन येतात. डीएचसीपीची (राउटर घरातल्या मशीनना पत्ते वाटतो त्याची) रेंज आपोआप बदलली नाही तर 192.168.87.2 ते 192.168.87.200 अशी हाताने भरा. सेव्ह केल्यावर ते पान गोठल्यासारखं दिसेल. घाबरू नका, राउटर आता नव्या पत्त्यावर राहायला गेलाय. वाय-फाय बंद करून चालू करा. प्रिंटर किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हाताने पत्ता दिला असेल तर तो तेवढा बदलावा लागेल.

राउटर भाड्याच्या घरातला आहे, पासवर्ड मालकाकडे आहे, अशी अडचण असेल तर ओव्हीपीएन फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटी एक ओळ घाला: ‘रूट 192.168.1.20 255.255.255.255’. एकाच मशीनपुरता दिलेला मार्ग अख्ख्या नेटवर्कच्या मार्गापेक्षा नेमका, म्हणून तोच जिंकतो. दोन-तीन सर्व्हर असतील तर तेवढ्या ओळी.

पत्ता निस्तरल्यावर नंबराने उघडतं पण नावाने नाही, असं झालं तर ते डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी व्यवस्था. हे ब्राउझरमध्ये होत असेल आणि त्याच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये बाहेरचा पुरवठादार निवडलेला असेल तर ऑफिसच्या आतली नावं त्याला कळणारच नाहीत. ते बंद करून बघा. आणि फोल्डर उघडतो, छोटी फाइल येते, मोठी फाइल मात्र मध्येच लटकते, हा प्रकार असेल तर डेटाची पाकिटं टनेलमध्ये मावत नाहीयेत. ओव्हीपीएन फाइलमध्ये ‘एमएसएसफिक्स 1300’ ही ओळ टाका. ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) 1420 वरून 1280 करून बघा.

आता तिन्ही मशीनवर बसवायचं.

विंडोजवर ओपनव्हीपीएनचा इन्स्टॉलर चालवून झाला की घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक, इम्पोर्ट, इम्पोर्ट फाइल. फाइल यादीत दिसतच नसेल तर तिच्या नावामागे ‘.टीएक्सटी’ चिकटलंय का बघा. मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचं असं होतं आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे लक्षात येत नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवणं चालू करून ते काढा. (तसंही ती फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नये. बऱ्याचदा तुमची खासगी की, म्हणजे व्हीपीएनची गुप्त किल्ली, तिच्या आतच असते.) सर्टिफिकेटच्या फाइली वेगळ्या दिल्या असतील तर त्या ओव्हीपीएन फाइलच्याच फोल्डरमध्ये हव्यात. ‘ऑल टॅप-विंडोज ॲडॅप्टर्स आर इन यूज’ आलं तर दुसरं एखादं जुनं व्हीपीएन ॲप ॲडॅप्टर (व्हीपीएनचं आभासी नेटवर्क कार्ड) अडवून बसलंय, ते आधी बंद करा. ‘ऑथ फेल्ड’ म्हणजे बहुतेक वेळा पासवर्ड किंवा ओटीपी चुकला, इन्स्टॉलेशनशी त्याचा संबंध नाही. उगाच अनइन्स्टॉल करू नका.

मॅकवर टनेलब्लिक हे ओपनव्हीपीएन चालवणारं ॲप घ्या. ओव्हीपीएन फाइलवर डबल क्लिक केलं की हे फक्त तुमच्यासाठी की सगळ्या युजरसाठी, एवढं विचारतं. त्याआधी फाइलमधली ‘डेव्ह’ने सुरू होणारी ओळ वाचा, तिथे आभासी ॲडॅप्टरचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘टन’ असेल तर चिंता नाही. ‘टॅप’ असेल तर नव्या मॅकवर सिस्टिम एक्स्टेन्शनला परवानगी देण्यात जीव जाईल आणि मोबाईलच्या ॲपवर ते चालणारच नाही. अशा वेळी ऑफिसकडून ‘टन’वाली फाइल मागा.

उबंटूवर ‘नेटवर्क-मॅनेजर-ओपनव्हीपीएन-नोम’ हे पॅकेज टाका, मग सेटिंग्ज, नेटवर्क, व्हीपीएनसमोरचं अधिकचिन्ह, फाइलमधून इम्पोर्ट. त्यानंतर आयपीव्ही4 च्या टॅबमध्ये ‘हे कनेक्शन फक्त त्याच्या नेटवर्कवरच्या गोष्टींसाठी’ या अर्थाच्या चौकटीत टिक करा, नाहीतर तुमचं यूट्यूबसुद्धा शिवाजीनगरला जाऊन परत येईल. उबंटूवर ‘सायफर (डेटा कुलूपबंद करायची पद्धत) निगोशिएट झाला नाही’ असा एरर आणि विंडोजवर तीच फाइल सुरळीत, असं दिसलं तर उबंटूवरचं ओपनव्हीपीएन 2.6 किंवा त्यापुढचं आहे आणि ऑफिसचा सर्व्हर जुन्या सायफरवर अडकलाय. फाइलमध्ये ‘डेटा-सायफर्स’ची ओळ घालून ते चालवता येतं, पण दुरुस्ती सर्व्हरवरच व्हायला हवी. एईएस-256-जीसीएम हा सायफर चालू करा म्हणून ऑफिसच्या आयटीवाल्यांना कळवा.

पुढे ऑफिसने वायरगार्ड दिलं तर त्याच्या हिरव्या ‘ॲक्टिव्ह’वर अजिबात भरवसा ठेवू नका. सर्व्हर बंद असला तरी ते हिरवंच राहतं, कारण चुकीच्या कीला किंवा पोर्टला वायरगार्ड उत्तरच देत नाही, नकारसुद्धा नाही. ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन्ही टोकांनी एकमेकांची शेवटची ओळख कधी पटवली) ही ओळ बघा. वापर चालू असताना ती दोन-तीन मिनिटांपेक्षा जुनी नसते. ओळच नसेल तर यूडीपी 51820 किंवा ऑफिसने दिलेला पोर्ट वाटेत अडलाय, नाहीतर की चुकली आहे. बराच वेळ शांत राहिल्यावर पलीकडून तुमच्या मशीनपर्यंत काही पोचत नसेल तर ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह 25’ टाका. आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाऊन आल्यावर त्याचं घड्याळ मागे पडत असेल, तर आधी तारीख-वेळ बरोबर करा. मागच्या वेळेचा हँडशेक सर्व्हर जुना समजून टाकून देतो, आणि ओपनव्हीपीएनमध्ये सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारलं जातं.