दुपारी त्या घरात कोण असणार?

प्रश्न : मी नागपुरात प्रतापनगरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. घरी आठवीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. खामल्यात १४ हजार भाडं देऊन राहतो. दोन वर्षांपासून घर पाहतोय, मिस्टर प्रत्येकात खोट काढतात. आता दोन घरांवर येऊन थांबलोय, दोन्ही ४५ लाखांच्या आसपास. मिस्टरांना बेसा रोडची नवी स्कीम आवडली आहे : तीन बेडरूम, सहावा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट, दोन गाड्यांचं पार्किंग. मला त्रिमूर्तीनगरचा जुना फ्लॅट हवा आहे. दोनच बेडरूम, पहिला मजला, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर अरुंद. पण शाळा जवळ. दीर म्हणतात, उमरेड रोडला ले-आउटमध्ये प्लॉट घ्या, अर्ध्या पैशात होईल, कागद मागून होतात. सासूबाई म्हणतात, तुम्ही घ्याल त्यात मी खूश. आणि सगळे मला सांगतात, तूच जुळवून घे. मी हट्टी आहे का? आणखी किती थांबायचं? घर कोणाच्या नावावर घ्यावं?
– एक वाचक, खामला

उत्तर : ताई, तुम्ही हट्टी नाही. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. समोर जोडपं बसायचं, मी कागद पुढे सरकवायची आणि बाई सही करताना कागदाकडे न पाहता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायची. घर तिला पसंत आहे का, हे विचारायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. तरी मी विचारायची. ‘यांना आवडलं ना, झालं’ हे उत्तर इतक्यांदा ऐकलं की तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं. तुम्ही निदान विचारताय.

दिरांचा प्लॉट आधी बाजूला ठेवा. नागपूरच्या चारही बाजूंना शेतजमिनीचे तुकडे पाडून ले-आउट पडले. त्यातले कितीतरी नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली गेली. प्लॉट अकृषक, म्हणजे शेतीखेरीज वापराला मोकळा, झालेला असेल, नकाशा मंजूर असेल किंवा नियमित झाल्याचं पत्र, ज्याला आपल्याकडे सगळे आरएल म्हणतात, ते हातात असेल, तरच बोलणी पुढे न्या. ‘कागद मागून होतात’ या भरवशावर बँक कर्ज देत नाही, आणि बँक जिथे पैसे घालायला तयार नाही तिथे तुम्ही आयुष्याची पुंजी का घालावी? इथे तडजोड करायचीच नाही. दीर रागावले तर रागावू द्या.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात पार्किंग आहे, शाळा आहे, बुटीबोरी आहे. सासूबाई मात्र एका ओळीत आटोपल्या. मिस्टर सकाळी निघणार ते रात्री येणार. तुम्ही आणि मुलगी दुपार उलटल्यावर परतणार. त्या घरात दिवसभर राहणार आहेत त्या सासूबाई. माझं मत स्पष्ट आहे : घरात जो सर्वांत जास्त तास राहणार, त्याचं म्हणणं सर्वांत जड धरावं. ‘तुम्ही घ्याल त्यात खूश’ हे म्हणणं नव्हे. मुलाला आपला भार वाटू नये म्हणून आई असं बोलते, हे तुम्हालाही कळत असेल.

म्हणून त्यांना दोन्ही घरं दाखवा, आणि भर दुपारी दाखवा. जमल्यास नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तीनच्या सुमारास. संध्याकाळी गार वारा सुटल्यावर नागपुरातलं कोणतंही घर चांगलंच दिसतं. सहाव्या मजल्यावर वरून स्लॅब तापतो, त्यात हॉल पश्चिमेला असेल तर भिंत रात्री दहापर्यंत धग सोडत राहते. भिंतीला हात लावून पाहा. कूलर कुठे लागेल ते पाहा. खिडकीबाहेर स्टँडला जागा आहे का, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला दार-खिडकी आहे का? हवेला बाहेरची वाट नसेल तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि माणूस घामाघूम होतो. कूलरला पाणीही भरपूर लागतं. बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथे नळाचं पाणी आहे की बोअरवेल, मे महिन्यात बोअर किती चालते, टँकर आला तर त्याचा खर्च कोणावर, हे बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या स्कीमच्या चौकीदाराला विचारा.

त्रिमूर्तीनगरला त्यांना जिना चढायला लावा. पहिला मजला आपल्याला काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा उतरायचं असेल तर तो डोंगर आहे. त्या चढल्या, मधे किती वेळ थांबल्या, कठड्याला किती घट्ट धरलं, हे न बोलता पाहा. वर गेल्यावर त्यांना खुर्ची द्या आणि तुम्ही ओटा मोजायच्या निमित्ताने जरा बाजूला व्हा. देवघर कुठे बसेल, तुळशीला ऊन कुठे मिळेल, खाली बोलायला कोणी समवयस्क आहे का, हे त्या आपोआप बोलू लागतील. आमचं घर घेताना सासऱ्यांना फाटकापाशी बसायला जागा हवी होती. तिसरी खोली सोडून आम्ही ते घर घेतलं. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस त्यांना ‘काय काकाजी’ म्हणून थांबायचं. तिसरी खोली नसल्याची आठवण आम्हाला कधी झाली नाही.

मिस्टरांचीही बाजू आहे. बुटीबोरीची रोजची ये-जा सोपी नाही आणि बेसा त्यांना जवळ पडतं. त्यांच्याशी भांडण्याआधी एवढं विचारा : कंपनीची बस त्रिमूर्तीनगरजवळच्या रिंग रोडवरून जाते का? जात असेल तर त्यांचा अर्धा आक्षेप गळेल. तसंच त्यांनाही एकदा बेसाहून तुमच्या शाळेपर्यंत सकाळच्या वेळी गाडी काढायला लावा, पावसाळ्यात. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचतं तो दिवस सापडला तर उत्तमच.

पण त्रिमूर्तीनगर जुनी वस्ती आहे म्हणून निश्चिंत राहू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटसारख्या नावाजलेल्या वस्त्यांमध्ये घरांत पाणी शिरलं. पहिला मजला बुडत नाही, पण गाड्या आणि मीटर खालीच असतात. त्या रात्री गल्लीत काय झालं, ते तळमजल्यावरच्या घरात विचारा. अपार्टमेंटचे कागद मागा : भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला मिळालेली परवानगी), डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त), आणि त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिला आहे. इमारत जुनी आहे, कधीतरी पाडून नवी बांधायची वेळ येईल. तेव्हा हाच आकडा तुमचा. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का, हस्तांतरणाची परवानगी कोण आणणार, हे इसारपावतीतच लिहून घ्या. बेसाच्या स्कीमला महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. कायद्याने ती मागताच येत नाही.

अरुंद स्वयंपाकघर, जुन्या टाइल्स, जुनं वायरिंग यांच्यासाठी दोनेक लाख बाजूला ठेवा आणि भाव करताना ते बोलून दाखवा. यावर घर नाकारू नये.

किती थांबायचं? मिस्टर दोन वर्षं प्रत्येक घरात खोट काढताहेत, हे वाचून मला माझं टेबल आठवलं. अशा माणसाला बहुतेक वेळा घराची नाही, हप्त्याची धास्ती असते, आणि बायकोसमोर ते बोलवत नाही. ४५ लाखांच्या घराला बँक साधारण ८० टक्के देईल, म्हणजे ३६ लाख. नऊ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी त्यावर वेगळी. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता ३१ हजारांच्या पुढे जातो. जुन्या इमारतीला बँक मुदत कमी देऊ शकते, मग हप्ता आणखी वाढेल. ते आधीच विचारून घ्या. एका रविवारी दोघं हा हिशेब मांडून बसा. मग काही महिने हप्त्यातून सध्याचं भाडं वजा करून उरणारे १७ हजार दर १ तारखेला वेगळ्या खात्यात टाका. ते न कुरकुरता जमलं तर मिस्टरांची धास्ती जाईल. नाही जमलं तर ३५ लाखांचं घर शोधा. तेवढा काळ थांबणं रास्त आहे. हिशेब न मांडता नुसतं आणखी एक घर पाहायला जाणं आता बंद करा.

मला विचाराल तर सासूबाई जिना चढू शकत असतील आणि कागद नीट असतील तर त्रिमूर्तीनगर घ्या. त्यांना जिना झेपत नसेल तर तुमचा हट्ट सोडा, पण सहावा मजलाही घेऊ नका. त्याच स्कीममध्ये खालचा मजला, दोन बेडरूमचा, मागून पाहा.

नावाबद्दल : घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तुमच्या घरात ४५ हजार. दोघांची नावं लावली तर ती मिळत नाही. तरी मी दोघांची लावा म्हणेन, कारण हप्ता दोघं भरणार आहात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. बँक तुम्हाला सहकर्जदार करेल. तेव्हा विक्रीपत्रावरही तुमचं नाव असलंच पाहिजे. नाहीतर कर्ज तुमच्या डोक्यावर आणि घर दुसऱ्याचं, असे कागद मी पाहिले आहेत. विक्रीपत्राचा मसुदा नोंदणीच्या आठवडाभर आधी वकिलाकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा.