थोरला २५ चा झाला की पीएफची मुलांची पेन्शन कमी होते का?

दाजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, नोकरीत असतानाच वारले. ताईला तीन मुलं, वरच्या दोघांची पेन्शन चालू आणि थोरला आता २५ पूर्ण करतोय, असं तुम्ही लिहिलंय. लगेच काही कमी होणार नाही.

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये एका वेळी दोनच मुलांना पेन्शन मिळते, थोरल्याकडून धाकट्याकडं अशा क्रमानं. थोरला बाहेर पडला की धाकटीचा नंबर लागतो. प्रत्येकाला विधवा पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५० रुपये. म्हणजे ताईला २,००० मिळत असतील तर दोघांचे ५००-५००. आता थोरल्याचे ५०० थांबतील, धाकटीचे ५०० सुरू होतील. खरी घट मधला २५ चा झाला की. तेव्हा एकटीचेच राहतील. ताईची स्वतःची पेन्शन यानं हलत नाही.

गोची वेगळीच असते. थोरल्याचे पैसे वेळेवर थांबतात. धाकटीचे आपोआप सुरू होतील या भरवशावर मात्र राहू नका. फॉर्म १०-डी मध्ये (पेन्शन मागताना भरलेला अर्ज) तिघांची नावं टाकली होती का, ते आधी बघा. धाकटीची जन्मतारीख दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी असेल (आपल्याकडं घरोघरी तेच!) तर आत्ताच दुरुस्त करा. मग पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर) घालून कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मुलांपैकी कुणी कायमचं, पूर्ण अपंग असेल तर त्याला वयाची अट नाही आणि दोनाच्या मर्यादेतही ते धरत नाहीत.