वहीत खोडलेले नऊ दिवस

"शाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच पावसाने सगळी घडी विस्कटली. मुलं पुन्हा दारात रडायला लागली, शिकवलेलं विसरली, आणि मला रात्री झोप नाही. माझंच काही चुकतंय का?" जुलै उजाडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या शिक्षिका थोड्याफार फरकाने हेच विचारतात. त्यांच्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई बडोद्याच्याच. माहेर दांडिया बाजारातलं, सासर विश्वामित्री नदीपासून जवळच्या सोसायटीत, तळमजल्यावर. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, वर्ग पहिलीचा. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून छोटी वही काढून माझ्यासमोर ठेवली. जूनपासूनच्या तारखा लिहिलेल्या आणि त्यांतल्या नऊ लाल पेनाने खोडलेल्या.

"नऊ दिवस गेले, मॅडम. ग आणि म झाले होते, तेही पुसले गेले. एक मुलगा आठव्या दिवशी रडायचा थांबला होता. परवा पुन्हा आईचा पदर सोडेना."

त्या मुलाबद्दल मी त्यांना लगेच सांगितलं, कारण ही काळजी वाहत बसण्यात अर्थ नव्हता. पाच-सहा वर्षांचं मूल चार दिवस घरी राहिलं की आईपासून दूर होणं त्याला पुन्हा जड जातं. त्याने केलेली प्रगती वाया जात नाही. रोजचा क्रम तोच राहिला तर दुसऱ्या वेळी ते बहुतेक लवकर सावरतं. तेव्हा शाळा उघडेल त्या दिवशी पाठ्यपुस्तक लगेच काढू नका. पहिली वीस मिनिटं तीच जागा, तेच गाणं, आणि त्या मुलाला त्याचं ठरलेलं एखादं काम द्या. त्यांनी त्याला खडूंचा डबा सांभाळायला दिला.

मग मी वहीकडे वळले. "हे नऊही दिवस शाळा बंद होती?"

बंद दोनच दिवस होती. बाकीच्या सात दिवशी जेमतेम सात-आठ मुलं आली होती. "मग काय शिकवणार? कागदाच्या होड्या केल्या, गोष्टी सांगितल्या, ढग का गडगडतात ते बोललो." बोलता बोलता त्या थांबल्या. जूनपासून एक शब्दही न बोललेली एक मुलगी त्यातल्याच एका दिवशी म्हणाली होती, "बेन, मारी होडी डूबी गई." ही तारीखही लाल पेनाने खोडलेली होती.

'एनसीईआरटी'ने २०२१ मध्ये आणलेला 'विद्या प्रवेश' हा कार्यक्रम पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीसाठीच ठेवतो, हे ताईंना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तरीही त्यांनी सात दिवस बाद केले. मला वाटतं, अभ्यासक्रमाचे दिवस मोजता येतात, म्हणून माणूस तेच मोजत बसतो. त्यांची झोप उडण्याचं कारण मात्र वेगळं असावं, असं मला तिथेच वाटलं.

ते दुसऱ्या भेटीत कळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. इथे धोक्याची पातळी २६ फूट आहे. वस्त्यांमधून मगरी पकडाव्या लागल्या ते हेच दिवस. ताईंच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. फ्रिज, गाद्या, कपाट गेलं, त्याबद्दल त्या शांतपणे बोलल्या. तपासायला घरी आणलेला मुलांच्या वह्यांचा गठ्ठा चिखलात लगदा झाला होता, तो स्वतःच्या हाताने टाकावा लागला, हे सांगताना मात्र त्या रडल्या. त्यानंतर त्यांनी एकही वही घरी नेली नव्हती. पाऊस सुरू झाला की रात्री दोनदा-तीनदा उठून नदीत पाणी सोडणाऱ्या आजवा सरोवराची आणि काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी मोबाइलवर बघायच्या.

अशा माणसाला "चांगला विचार करा" म्हणणं मला पटत नाही. पाणी खरंच आलं होतं आणि पुन्हा येऊ शकतं. म्हणून आम्ही आधी व्यवस्था लावली. कागदपत्रं, औषधं, चार्जर एका पिशवीत भरून माळ्यावर. गरज पडली तर वर यायचं, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी आधीच बोलून ठेवलं. पातळी बघायच्या दोन वेळा ठरवल्या, सकाळी निघण्याआधी आणि रात्री जेवणानंतर. प्रशासनाचा इशारा असेल ती रात्र याला अपवाद. मध्येच हात मोबाइलकडे गेला तर आधी मनातली भीती एका ओळीत लिहायची आणि सकाळी काय झालं ते शेजारी लिहायचं. पहिले चार-पाच दिवस फार अवघड गेले. एका रात्री त्यांनी नियम मोडला आणि सकाळी फोन करून अपराध्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, "लिहिलंत ना? मग पुढे चला."

हे सगळ्यांनाच पुरेल असं नाही. एखाद्या आपत्तीनंतर महिना उलटला तरी तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, झोप लागत नसेल, कामावर जाववत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर विनामूल्य बोलता येतं. ताईंनाही मी डॉक्टरांकडे पाठवलं होतं, आणि झोपेसाठी थोडे दिवस लागलेल्या औषधाचा त्यांना उपयोग झाला.

सहाव्या भेटीच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. ताई ओल्या छत्रीसह आल्या. काखेत जाड प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधलेली पिशवी. तिच्यात पाच वह्या होत्या. "रोज पाचच नेते," त्या म्हणाल्या, आणि खडूंचा डबा सांभाळणाऱ्या मुलाची वही उघडून त्याने पानभर काढलेले म मला दाखवू लागल्या.