मसाल्याचा धंदा सुरू करताय? हिशेब आधी

ताई, घरचे मसाले व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आठवडी बाजारातही विकताय, उत्तम. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. नाहीतर भावाने पाठवलेले पैसे कुठले नि मसाल्याचे कुठले, हे मार्चमध्ये शोधत बसाल.

उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. नव्यांची इथेच गल्लत होते. ३०० चा डबा विकला, ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलने कमिशन आणि कुरिअर कापून २३० खात्यात टाकले, तरी विक्री ३०० च लिहायची. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण एक डबा जरी बेळगावच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा, तरी लागते. राज्य बदललं ना!

नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका, कायद्याने मनाई आहे.

‘रोख घ्या, दाखवू नका’ असं बाजारात कुणीतरी सांगेलच. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून कर खात्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या होत्या. उपयोग काय? रोखीची विक्रीही उलाढालीतच धरतात. रोज गल्ला मोजून वहीत रोख आणि यूपीआय असे दोन रकाने भरा, पाच मिनिटांचं काम आहे.

कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर योजना), इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) वगैरे नंतर बघू. मात्र नोंदणी घेतलीत, तर विक्री शून्य असली तरी जीएसटीचं रिटर्न (सरकारला द्यायचा हिशेब) भरा. अशा शून्य रिटर्नलाही उशीर झाला की दिवसाला २० रुपये लागतात.